बिनमालकाची दंगल

१

शकुबाईनं विहिरीत पोहरा सोडला, पण पाण्याचा आवाज आला नाही. पोहरा कशावर तरी मऊ आदळला आणि कलंडला. तिनं वाकून पाहिलं. खाली पाण्यावर एका माणसाची उघडी, रुंद पाठ तरंगत होती. दोर तिच्या हातातून सुटला तो सुटलाच.

जवळा बाजारच्या शिवेवरची ही विहीर. शेजारच्या पडीक रानात त्या दिवशी कुस्त्यांची दंगल भरायची होती, म्हणून गावात आदल्या दिवसापासूनच माणसं उतरली होती. शकुबाईची ओरड ऐकून ती धावली. दोघं विहिरीत उतरले, दोर लावून प्रेत वर काढलं, आणि बाजेवर उताणं केल्याबरोबर सगळ्यांनी तोंड ओळखलं.

तो सेवा होता.

सेनगावकडच्या तांड्यातला सेवा पैलवान. हिंगोलीपासून वसमतपर्यंत त्याच्या एकट्याच्या नावावर मैदानं भरत. अंगानं दांडगा, पण कुस्ती मारली की आधी खाली पडलेल्याला हात देऊन उठवायचा, मग लोकांकडं बघायचा. आजची दंगल त्यानंच मांडली होती.

"उडीच घेतली म्हना की," गावचा पोलीस पाटील म्हणाला. "दोन्ही मालकांशी बेइमानी केली. चार लोकांत तोंड कसं दावावं, म्हून जीव दिला."

रूपसिंग बाजेजवळ खाली बसले.

रूपसिंग हिंगोलीच्या परदेशी, म्हणजे उत्तरेतून येऊन वसलेल्या लोकांच्या, वस्तीतले. निजामाच्या पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार, म्हणून त्यांनी उमर काढली होती आणि नोकरी संपल्यावर कुस्त्यांचे पंच झाले होते. त्यांनी एकदा निकाल दिला की हरलेलाही वाद घालत नसे. आज पंच म्हणून सेवानंच त्यांना बोलावलं होतं.

त्यांनी सेवाचं पोट दाबून पाहिलं. तोंडातून पाणी आलं नाही. मान हातात घेतली तर ती नको तितकी वळली. डावा खांदा जागचा निसटून खाली आला होता आणि दंड लोंबत होता. मग त्यांनी त्याला कुशीवर केलं आणि पाठीवर तळहात फिरवला. पाठीवरचं पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळत होतं. त्यांनी हात नाकाशी नेला. मोहरीचं तेल.

"झाका याला," ते म्हणाले. कोणीतरी आपलं धोतर प्रेतावर टाकलं.

"पाटील, बुडालेलं माणूस आधी तळाला जातंय. वर यायला दिवस लागतात. हा एका रातीत वर कसा आला? पोटात पाण्याचा थेंब न्हाई. हा मेला तवा विहिरीत नव्हता."

पाटलाचा चेहरा उतरला. "मग?"

"अन् पाठीच्या मधोमध तेल हाय. आपला हात आपल्या पाठीला तितं पोचत न्हाई. कोणीतरी याला मालिश करून राहिलं होतं." रूपसिंग गुडघ्यावर हात टेकून उठले. "याला ज्यानं मारलं, पाटील, त्याच्यापुढं हा आपणहून पालथा निजला होता."

२

सेवाला कोणी मारावं, हा प्रश्न विचारला तर निम्मा मुलूख दोन माणसांकडं बोट दाखवेल, हे रूपसिंगांना ठाऊक होतं.

पूर्वी कुस्ती म्हणजे जत्रेतली गोष्ट. गावानं नारळ द्यावा, पटका बांधावा, लोकांनी फुकट बघावं. मग वसमतच्या माणिकरावांनी, हळदीच्या मोठ्या व्यापाऱ्यानं, मैदानाला पत्र्याचं कुंपण घातलं आणि दारात तिकीट लावलं. चांगले पैलवान निवडून त्यांना पगार आणि खुराक बांधून दिला. त्यांचं चाललेलं पाहून हिंगोलीत कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या हरिचंदशेटनं पैलवानांची दुसरी मंडळी काढली. तिथून जी चढाओढ लागली तिला सीमा राहिली नाही. एकानं औंढ्याच्या जत्रेत मैदान मांडलं की दुसरा त्याच दिवशी कोसावर मांडायचा. एकानं तिकीट उतरवलं की दुसरा बायकापोरांना फुकट सोडायचा. आणि रोज एकमेकांचे पैलवान फोडायचे.

फोडाफोडी थांबावी म्हणून दोघांनीही करार आणले. पैलवानानं मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्या मातीत उतरायचं नाही. वर्ष संपलं की करार पुढं चालू ठेवायचा की नाही, ते मालकानं ठरवायचं. म्हणजे एकदा अंगठा उठला की हाडं मोडेपर्यंत माणूस मालकाचा.

सेवा आधी माणिकरावांचा होता. तिथला करार मोडून तो हरिचंदशेटकडं गेला, आणि तिथं अंगठा लावल्यावर त्याला कळलं की दावं तेच आहे, फक्त खुंटा बदलला. त्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धाचं दुसरं वर्ष चालू असताना, त्यानं दोन्हीकडच्या पैलवानांना गोळा केलं. "माती गावाची, अंग आपलं, बघनारी मान्सं आपली," तो म्हणाला, "मग मधी मालक काहून?" पैलवानांनी स्वतःच दंगल भरवायची, मिळकत सगळ्यांनी सारखी घ्यायची, हरलेल्यालाही वाटा, दुखापत झालेल्यालाही वाटा. पहिली दंगल जवळा बाजारला.

हे सगळं रूपसिंगांच्या डोक्यात फिरत होतं तेवढ्यात तांड्याच्या गाड्या आल्या. पहिल्या गाडीत सेवाची आई चंदाबाई होती. पोराची कुस्ती बघायला ती आयुष्यात पहिल्यांदाच निघाली होती. गर्दी बघून तिला वाटलं, मैदान सुरू झालं. ती घाईनं गाडीतून उतरली आणि माणसं बाजूला सरकत गेली तशी तिची पावलं हळू हळू होत गेली.

सेवाचा जोडीदार सोनाजी पुढं झाला. तो नुकताच गावातून लंगडत येऊन गर्दीच्या कडेला उभा राहिला होता. लहानपणापासून दोघं एका तालमीत घुमले, एका ताटात जेवले. त्यानं चंदाबाईचे दोन्ही हात धरले आणि रडू लागला. धोतराखालचा आकार बघून ती एवढंच म्हणाली, "माझा ताईत काय कामाचा झाला रे, सोनाजी?"

"न्हाई मावशे, ताईत हाय. उजव्या दंडाला हाय त्याच्या. पाण्यातबी सुटला न्हाई बघ."

तिनं धोतर दूर केलं. लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिचं बोट उजव्या दंडावरच्या काळ्या दोऱ्यावर थांबलं.

"ही गाठ माझ्या लेकाची न्हाई," ती म्हणाली.

रूपसिंग जवळ सरकले. "कशावरून, बाई?"

"तो डाव्या दंडाला बांधायचा. एका हातानं अन् दातानं. दातानं वढलेली गाठ अशी सपाट बसत न्हाई. मालिश करायच्या आधी सोडायचा, अन् उठल्यावर आपला आपण बांधायचा. दुसऱ्या कोनाला हात लावू द्यायचा न्हाई."

रूपसिंगांनी दोऱ्याखाली नख घातलं. दोऱ्याखालच्या कातडीवरही तेल होतं. ताईत मालिशीनंतर बांधला होता, आणि बांधणारे हात दोन होते.

मारणाऱ्यानं मेलेल्याच्या दंडाला त्याच्या आईचा ताईत परत बांधला होता. रूपसिंगांनी नोकरीत पुष्कळ खून पाहिले होते, पण असं करणारा पाहिला नव्हता.

३

गावातल्या कापसाच्या अडत्याच्या ओट्यावर तक्क्याला टेकून माणिकराव बसले होते, आणि त्याच तक्क्याच्या दुसऱ्या टोकाला हरिचंदशेट. काही वर्षं एकमेकांच्या सावलीला उभे न राहणारे हे दोघं सकाळी एकाच मोटारीतून आले, असं अडत्यानं दारातच सांगितलं.

"लई वाईट झालं, रूपसिंग," माणिकराव म्हणाले. "पोरासारखा वाढवला होता त्याला. आमच्याच तालमीत घडला."

"माझ्याकडंबी त्याला कसली तकलीफ नव्हती," हरिचंदशेट म्हणाले. "खुराक बराबर, पगार बराबर. कोणी कान भरले काय माहीत."

"तुमी दोघं संगं कसे?" रूपसिंगांनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बोलले माणिकराव. "किती दिवस भांडायचं? तिकीट उतरवून उतरवून दोघंबी बुडायला लागलो. आता एकच मंडळी करायचं ठरलं. अर्धी त्याची, अर्धी माझी."

"मग पैलवानाला जायला दुसरी जागा राहिली न्हाई."

"पाहिजे कशाला दुसरी जागा?" हरिचंदशेट हसत म्हणाले. "घर एकच असावं."

"सारेच घेणार?"

"चांगले घेऊ. आता दोन दोन जोड्या कशाला पोसायच्या?"

रूपसिंगांना सेवाच्या घाईचा उलगडा झाला. या दोघांचं मेतकूट जमायच्या आत त्याला आपली दंगल उभी करायची होती. ती उभी राहिली असती तर पैलवान दोघांच्याही हातून गेले असते. ती मोडण्यात दोघांचाही फायदा सारखा होता.

"काल दिवेलागणीनंतर सेवा कोणाला दिसला न्हाई. तवा कुठं होता तुमी?"

"वसमतला, माझ्या घरी. दोघंबी. जेवायला चार मोठी मान्सं होती, इचारून या," माणिकराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच रूपसिंगांना जास्त खटकलं. "इतकं मात्र सांगतो. लोक आलेत. मैदान मोकळं जायला नको. आज दंगल आमी भरवू."

बाजेवरचं प्रेत अजून ओलं होतं.

४

सेवाबरोबर आखाड्याशेजारच्या गोठ्यात उतरलेले पैलवान पुष्कळ होते, पण काल संध्याकाळी ते सगळे मारुतीच्या आरतीला गावात गेले होते. परत आल्यावर सेवा दिसला नाही, तेव्हा तो आईला आणायला तांड्यावर गेला असं ते समजले. मोहरीचं तेल त्यांच्यात एकच जण वापरी. हिंगोलीचा उत्तमसिंग. आज त्याची आणि सेवाची कुस्ती शेवटची लागायची होती. दोघांची आधी तीनदा गाठ पडली होती आणि तिन्ही वेळा उत्तमसिंग खाली गेला होता.

त्याला लोकांनी आधीच कोंडाळ्यात घेतलं होतं. एकानं त्याच्या अंगावर ढेकूळही फेकलं होतं.

"तेल माझंच, काका," तो रूपसिंगांना म्हणाला. "बाटली गोठ्यात भिंतीतल्या देवळीत ठेवेल होती. कोनीबी घ्यावी. पण तुमीच सांगा, ज्याच्यासंगं उद्या कुस्ती त्याला कोन आपली पाठ देतंय?"

"तू कुठं होता?"

"आरतीला. सारं गाव साक्षीला हाय. संतराम वस्तादाच्या शेजारी उभा होतो मी. त्यायचा पटका सुटून गळ्यात आला, तो मीच गुंडाळून डोक्यावर ठेवला. मला काही तो नीट बांधता येत न्हाई. पोरंसोरं हसायला लागली." त्यानं अंगावरची ढेकळाची माती झटकली. "सेवानं मला तीनदा पाडलं अन् तीनदा उठवलं. मी त्याला मारीन, काका?"

आरतीचं खरं होतं. पुजाऱ्यानं सांगितलं, शकुबाईनंही सांगितलं. उत्तमसिंग आरती सुरू होण्याआधीपासून जेवणं होईपर्यंत देवळातून हलला नव्हता.

वस्ताद संतराम गोठ्याच्या दारात भिंतीला टेकून बसले होते. सेवा आणि सोनाजी, दोघंही त्यांच्या हाताखाली तयार झालेले. एके काळी या हातांनी मोठमोठे मल्ल उचलून आपटले होते. आता दोन्ही हातांना कंप सुटला होता. पाण्याचा तांब्याही त्यांना तोंडाशी धरता येत नसे. सोनाजी त्यांच्यामागं उभा राहून त्यांचा पटका बांधत होता. एकेक पेच चापून बसवत होता, आणि डोळ्यांतून धारा चालू होत्या.

"रोज तूच बांधतो का रे?" रूपसिंगांनी विचारलं.

"व्हय काका. हात कापायला लागले तवापसून."

"सोनाजी, तू काल आरतीला होता?"

उत्तर वस्तादांनी दिलं, आणि जरा घाईनं दिलं. "माझ्यासंगंच होता तो. सुरुवातीपसून."

सोनाजी मान खाली घालून पटक्याचं शेवटचं टोक खोचू लागला. ते काही केल्या बसेना.

रूपसिंग तिथून उठून विहिरीकडं चालत गेले. त्यांना कळलं होतं. कळायला नको होतं, असंही त्यांना वाटलं.

५

रूपसिंग परत आले आणि एकटेच आत शिरले. पाटलाला त्यांनी गोठ्याबाहेर थांबवलं. आत सोनाजी आणि वस्ताद. रूपसिंग समोर चाऱ्याच्या पेंढीवर बसले.

"सोनाजी, सकाळी तू आला तवा सेवा झाकेल होता. तू धोतर उचललं न्हाई. खरं का?"

"व्हय."

"तो ताईत डाव्या दंडाला बांधायचा. तुला म्हाईत होतं?"

"व्हय... लहानपनापसून."

"मग आज तो उजव्या दंडाला हाय, हे तू चंदाबाईला न बघता कसं सांगितलं?"

सोनाजीनं वस्तादांकडं पाहिलं.

"विहिरीतून काढनाऱ्यायनं पाह्यलं असंल, सांगितलं असंल," वस्ताद म्हणाले.

"काढला तवा मीच पहिला हात लावला, वस्ताद. ताईताकडं कोणाचं ध्यान नव्हतं. माझंबी नव्हतं." रूपसिंगांचा आवाज हळू होता. "डावा खांदा निखळून दंड लोंबत होता, म्हून बांधणाऱ्यानं उजवीकडं बांधला. वैरी असता तर त्यानं ताईताकडं पाह्यलंबी नसतं. सेवानं पाठ द्यावी इतका त्याचा भरवसा दोघांवर होता. एक तुमी, अन् एक हा. तुमच्या हातानं गाठ बांधनं होत न्हाई."

"तो देवळात होता माझ्यासंगं."

"मग तुमचा पटका उत्तमसिंगानं काहून गुंडाळला? सोनाजी शेजारी असता तर पोरं हसली नसती, वस्ताद."

संतराम वस्तादांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"एक गेला," ते म्हणाले. "म्या म्हणलं, दुसरा तरी ऱ्हावा."

सोनाजी जमिनीवर बसला. बसतानाही त्याला उजवा गुडघा दुमडता आला नाही. पाय लांब सोडून तो तसाच बसला.

"गुडघा गेला, काका," तो म्हणाला. "दोन जत्रा झाल्या. पट्टी बांधून लपवत व्हतो. सेवाला तेवढं म्हाईत व्हतं. मालकालाबी कळलं. माणिकराव मालक मला वसमतला बोलवून म्हणले, दोन्ही मंडळ्या एक होऊन राहिल्यात, त्यात लंगडा कोन घेनार? पन तू आपला मानूस हाईस. तालमीचा वस्ताद करतो तुला जलमभर. निस्तं एवढं कर, सेवा उद्या मातीत उतरू नये. खांदा उतरव. खांदा काय, महिन्याभरात बसतो."

"तू सेवाला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं ना. म्हणलं, ही दंगल सोड, मालकासंगं वाकडं घेऊ नको. तो हसला. म्हणला, तुझा गुडघा ऱ्हावो की जावो, आपल्या दंगलीत तुझा वाटा हाय. म्हणला, उद्यापसून आपन कोनाचे न्हाई. अन् पालथा निजला. पाठ रगड म्हणला." सोनाजी आपल्या तळहातांकडं बघत होता. "त्याच्या वाट्याचा मला भरवसा वाटला न्हाई, काका. मालकाच्या शब्दाचा वाटला."

बाहेर पत्रे ठोकल्याचा आवाज येऊ लागला. मैदानाला कुंपण पडत होतं.

"म्या हात पाठीमागं धरून वर वढला. खांदा निसटला. तो वरडला अन् उसळला. मी घाबरलो. दुसरा हात मानेत घातला, त्यानं गप व्हावं म्हून. सारा भार टाकला. कट्‌ असं वाजलं." तो थांबला. "म्या हाका मारल्या त्याला. लई मारल्या. मग फरफटत विहिरीकडं न्यायला लागलो तवा ताईत दिसला, देवळीत तेलाच्या बाटलीजवळ. मावशी इचारील म्हून बांधला."

६

सोनाजीला पाटलाच्या माणसांनी चावडीकडं नेलं. वाटेत अडत्याचा ओटा लागतो. माणिकराव उठून खाली आले. लोकांना वाटलं, आता ते त्याला मारतील. पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलास, सोनाजी. पण घरच्यायची फिकीर करू नको. सुमनबाईला अन् तुझ्या लेकरांना आमी बघू."

सोनाजीनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्या बोलण्यात वचन किती आणि धमकी किती, हे त्याला नीट कळलं होतं.

चावडीत रूपसिंगांनी विचारलं, "सांग आता पाटलापुढं. खांदा उतरवायला कोणी सांगितलं?"

"कोनीच न्हाई. आमचं आपसातलं भांडण व्हतं."

"सोनाजी!"

"आपसातलंच, काका," तो म्हणाला, आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. पुढं परभणीला खटला चालला तेव्हाही त्यानं तेच सांगितलं. त्याला जन्मठेप झाली. सुमनबाईला माणिकरावांनी थोडे दिवस पाहिलं, मग तेही बंद झालं. वस्तादांची साक्ष म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणून बाजूला ठेवली गेली. रूपसिंगांनी ऐकलेलं त्यांनी सांगितलं, पण ऐकलेल्या गोष्टीची कोर्टात किंमत काय असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपार कलली तेव्हा हरिचंदशेट मैदानात पैलवानांसमोर उभे राहिले.

"दोन्ही मंडळ्या आजपासून एक," ते म्हणाले. "नवा करार हाय. पगार पहिल्यापेक्षा कमी, हे मी लपवत न्हाई. ज्याला पटत न्हाई त्यानं जावं. मात्र पुन्हा ह्या मुलखात कोणत्याच मातीत त्याला उतरता येनार न्हाई."

कोणी शिवी दिली नाही. काल दुपारी शेजारच्या गोठ्यात सेवाचं नाव घेऊन शपथा घेतलेली माणसं एकामागून एक पुढं गेली, अंगठा टेकवला आणि शाई लंगोटाला पुसली. शेवटी उत्तमसिंग राहिला. तो रूपसिंगांकडं आला.

"काका, मी काय करू?"

रूपसिंगांनी त्याच्या कोऱ्या अंगठ्याकडं पाहिलं.

"घरी म्हातारी हाय. शेत न्हाई. मला दुसरं काय येतं? तुमी सांगा, नको जाऊ म्हणून. मी न्हाई जात."

त्यानं खरोखर वाट पाहिली. खून कोणी केला, कसा केला, का केला, हे सगळं रूपसिंगांनी एका दिवसात शोधून काढलं होतं, आणि या पोराच्या प्रश्नापुढं त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. उत्तमसिंग मान खाली घालून कुंपणाच्या आत गेला.

"पंच म्हणून उभं राहायचं ना, रूपसिंग?" हरिचंदशेटनं विचारलं.

"न्हाई."

"ठीक. दुसरा हाय आमच्याकडं."

हलगी वाजू लागली. दारात तिकिटासाठी रेटारेटी सुरू झाली. सेवाचं काय झालं ते गावात सगळ्यांना कळलं होतं. काही माणसं परत गेली. बरीचशी राहिली. लांबून आली होती, आणि जत्रेनंतर एवढं मोठं मैदान पुन्हा कधी बघायला मिळेल याचा भरवसा नव्हता.

चंदाबाईनं लेकाला गाडीत घातलं होतं आणि अंगावर आपली गोधडी पांघरली होती. तांड्याकडं पोचायला उशीर होणार होता. रूपसिंग गाडीबरोबर चालत निघाले. तिनं त्यांना या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सोनाजीनं केलं हे त्यांनी तिला सांगितलं होतं. त्यावर तिनं फक्त, "त्याला म्याबी घास भरवलेत," एवढं म्हणून तोंड फिरवलं होतं.

गाव मागं पडलं. समोरून दोन बैलगाड्या भरधाव येत होत्या. माणसं दाटीवाटीनं उभी होती, बायका, लेकरं, गुलालाच्या पुड्या. पहिल्या गाडीवाल्यानं कासरा ओढला.

"मावशे, सेवा पैलवानाची दंगल कुठं हाय? लांबून आलो, वखत झाला आमाला."

रूपसिंगांनी बोलायला तोंड उघडलं. चंदाबाईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. एक हात गोधडीवर ठेवून तिनं दुसरा उचलला आणि मागं गावाकडं दाखवला.

"सरळ जावा," ती म्हणाली. "सुरू झाली असंल."